पिल्लाच्या पायातला दोरा

कोंबडी उठली, अंग झटकलं आणि टोपलीकडे मागे वळूनही न बघता खुशाल अंगणात जाऊन दाणे टिपायला लागली, तेव्हा यूफोंग हातातलं टाकून तिच्यामागे धावली.

"अगं ए भवाने, कुठं निघालीस? बस! बस म्हणते ना!"

कोंबडीचा तरी काय दोष? कोंबडीची अंडी फुटायला जेवढे दिवस लागतात तेवढे ती इमानेइतबारे बसली होती. पण टोपलीत होती ती मोराची अंडी, आणि त्यांना अजून आठवडाभर ऊब हवी होती, हे तिला कोण समजावणार? यूफोंगने तिला दोनदा धरून आणून बसवलं. दोन्ही वेळा हातावर चोच मारून ती उठली. तिसऱ्यांदा तर पार शेजारच्या केळीत पळाली.

टोपलीत चार अंडी. हाताला अजून कोमट लागत होती. पावसाची झड लागलेली, आणि खांबांवरच्या घराखालून गार वारा आरपार वाहत होता. यूफोंगला काही सुचेना. मग तिने अंडी मऊ फडक्यात गुंडाळली, पोलक्याच्या आत पोटाशी बांधली आणि खांबाला पाठ टेकून पाय पसरून बसली. श्वाससुद्धा बेताबेताने घ्यायला लागली.

वरून ऐतान उतरत होता. नवरा जिना उतरतोय हे तिला न बघता कळे. उजवा पाय धप्पकन, मग डावा घासत. तो खाली आला, तिच्या पोटाकडे बघितलं आणि कठड्याला धरून उभा राहिला.

"काय गं सेंगच्या आई, या वयात? लेकीला काय तोंड दाखवशील?"

"हसवू नकोस. फुटतील."

"कुणाचं आहे ते तरी सांग."

"मोराचं आहे. आणि तू वर जा बघू. वारा लागतोय. हात झाक तो आधी."

तो पोट धरून हसला. यूफोंगला हसू येईना. तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं, की ही अंडी गार पडली तर हाही गार पडेल.

गावात कुणाला वाटत असेल की यूफोंगला मोरांची हौस होती, तर ते साफ खोटं आहे. मोराचं ओरडणं तिला अभद्र वाटे. झालं होतं ते असं, की थंडी सरता सरता ऐतान रबराच्या झाडांत काम करताना खाली बसला, तो त्याला उठताच येईना. तोंड वाकडं झालेलं, डावी बाजू गेलेली. शहरातल्या दवाखान्यात त्याला आत नेलं, दार लागलं, आणि यूफोंग बाहेर बाकावर बसली. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर मोर आणि लांडोर. "हा उठू दे," ती हात जोडून म्हणाली, "अशी जोडी देवळात वाहीन. माझ्या हातानं अंड्यापासून वाढवून वाहीन." कॅलेंडरवर म्हैस असती तर म्हैस बोलली असती. भ्यालेल्या माणसाला समोर दिसेल तेच सुचतं.

आणि ऐतान उठला. तोंड सरळ झालं, बोलणं तर पहिल्यापेक्षा वाढलं. डावा हात तेवढा लोंबता राहिला. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाला, हा झटका हलका गेला, दुसऱ्याला जपा. ते वाक्य यूफोंगच्या मानगुटीवर बसलं ते उतरेचना.

नवसाचं तिने ऐतानला सांगितलं नव्हतं. तो हसला असता. तो कशालाही हसे, आणि नवसाला हसलेलं खपत नाही अशी तिची समजूत. ठाऊक होतं फक्त शेजारच्या यूकानला. दवाखान्यात त्या बाकावर तीच तर शेजारी होती. नदीपलीकडे मोरांची बाग आहे, तिथे यूकानचा भाचा कामाला. साहेबांना विचारून चार अंडी त्यानेच आणून दिली होती.

आताही यूकानच धावून आली, काखेत काळी कोंबडी घेऊन.

"परवापासून खुडूक आहे माझी काळी. हिला बसव. ही उठायची नाही, माझ्या सासूच्या वळणावर गेलीय." यूफोंगच्या पोटावरची गाठ सोडता सोडता तिचं तोंड चालूच होतं. "बाई गं, फुलं बोलायचीस. मेणबत्त्या बोलायच्यास. अंड्यापासून मोर कसले बोलतेस?"

"हळू बोल. वर आहे तो."

"आहे ना? मग झालं तर."

काळी खरंच उठली नाही. आठवड्याने अंड्यांतून टकटक ऐकू यायला लागलं. यूफोंग टोपलीला कान लावून बसली. एक अंडं मुकंच राहिलं. बाकीच्या तिघांतून तीन पिल्लं निघाली, मातकट रंगाची, लांब तंगड्यांची, ओली आणि भेदरलेली. यूफोंगने देवळाच्या दिशेला हात जोडले आणि त्याच हातांनी डोळे पुसले.

तिला वाटलं होतं, अंडं फुटलं की सुटलो. खरी कसोटी पुढेच होती. मोराच्या पिल्लाला खायचं कळतच नाही. काळी बिचारी दाणा उचलून त्यांच्यापुढे टाकी, गळा काढून हाका मारी. पिल्लं आपली भलतीकडेच बघत उभी. यूफोंगने उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून ठेवला, ताटलीवर बोटाने टकटक केली. शेवटी यूकानने आंब्यावरच्या लाल मुंग्यांचं घरटं उतरवून दिलं. घरात ती मुंग्यांची अंडी लिंबू-मिरची घालून खायला सगळ्यांना आवडतात. यंदा माणसांना एक कण मिळाला नाही. पांढऱ्या अंड्यांबरोबर चारदोन मुंग्या वळवळल्या तशी दोन पिल्लांनी चोच मारली. तिसऱ्याने शेवटपर्यंत मारली नाही.

ते दुपारी गेलं. यूफोंगने त्याला हातात घेतलं मात्र, आणि तशीच जिना चढून धावली. ऐतान तोंड उघडं टाकून चटईवर पडला होता. तिने त्याला गदागदा हलवलं.

"काय? काय झालं? आग लागली?"

"काही नाही. झोप तू."

"झोपलोच होतो की! झोपलेल्या माणसाला उठवून झोप म्हणून सांगतेस?"

ती जिन्यावर येऊन बसली. पिल्लं उरली दोन. बोलली होती जोडी. आता एकही जादाचं नव्हतं.

ऐतान दवाखान्यातून आला त्या दिवशी देवळातले एक म्हातारे आजोबा घरी आले होते. गावातल्या सगळ्यांच्या सुतका-सोहळ्यांना मंत्र म्हणायला तेच येतात. माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात; भीतीने, दुखण्याने त्यातला एखादा सटकतो. त्याला नावाने हाका मारून परत बोलवायचं आणि पांढऱ्या दोऱ्याने मनगटाशी बांधून टाकायचं. म्हाताऱ्यांनी सुताच्या गुंडीतून काढून ऐतानच्या डाव्या मनगटावर तसा दोरा बांधला होता. असा दोरा कापायचा नसतो. झिजून आपोआप गळेल तेव्हा गळेल.

त्या गुंडीतला उरलेला दोरा यूफोंगने जपून ठेवला होता. तो तिने काढला. दोन्ही पिल्लांच्या पायांना वेढे दिले, म्हाताऱ्यांचे शब्द आठवतील तसे पुटपुटली, आणि निसटू नये म्हणून गाठी चांगल्या घट्ट आवळल्या.

"पिल्लाला कुठले आलेत बत्तीस जीव?" यूकान म्हणाली. "दोन-चार असले तर नशीब."

"असतील तेवढे बांधते."

एकाच गुंडीचा दोरा, तिकडे ऐतानच्या हातात, इकडे पिल्लांच्या पायात. त्या दिवशी यूफोंगला कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

पिल्लं वाढली. मोराच्या पिल्लाला आधी पंख फुटतात आणि मग अक्कल, असं यूकान म्हणे. डालग्यातून उडून आडव्या वाशावर बसायची आणि खाली काळी कोंबडी जीव काढून ओरडायची. यूफोंग तिच्यापेक्षा जोरात ओरडायची. पाऊस आला की पिल्लं आत, ऊन आलं की बाहेर, घार दिसली की आत. आणि जे पिल्लांना तेच नवऱ्याला. जिना एकट्याने उतरायचा नाही. नदीवर जायचं नाही. तिखट नाही, दारूचा थेंब नाही, मोठ्याने बोलणं नाही. तो घटकाभर गप्प बसला तरी ती उगीच काहीतरी विचारून तो उत्तर देतो का बघायची.

"दवाखान्यात बरा होतो मी," ऐतान एकदा वैतागून म्हणाला. "तिथली नर्स निदान जेवायला तरी जायची. मला जरा नदीवर जाऊ दे. माशांचा सापळा लावून येतो."

"एका हातानं?"

"मासे काय हात मोजतात?"

"नाही म्हटलं ना. पाय घसरला तर?"

ऐतान उठला. नदीच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन पाठमोरा बसला. यूफोंगला त्याची पाठ बघवेना. पण पाठ दिसतेय तोवर तो आहे, असं म्हणून तिने मन घट्ट केलं.

पिल्लांच्या डोक्यावर तुरे दिसायला लागले आणि त्याच सुमाराला त्यातलं एक लंगडायला लागलं. यूफोंगने त्याला मांडीवर घेतलं. पाय बघितला. दोरा दिसतच नव्हता. पाय वाढला होता आणि दोरा होता तेवढाच राहिला होता. कातडी सुजून त्याच्यावर चढली होती, खालचा पंजा काळपट पडून गार लागत होता. आयुष्यभर तिने दोरे बांधले ते माणसांच्या मनगटांना आणि रेड्यांच्या शिंगांना. पावसाळ्यातल्या भोपळ्यासारखी ती वाढत नाहीत. दुसऱ्या पिल्लाची गाठ सैल बसली होती, ते बचावलं होतं.

तिने सुरी आणली. टोक पायाशी नेलं, आणि तिथेच थांबली. हा दोरा कापायचा नसतो. हा तोडला तर त्या टोकाला काय तुटेल? ती सुरी ठेवून वर गेली. ऐतान चहा पीत होता. त्याच्या मनगटावरचा दोरा मळून करडा झाला होता, पण होता.

"काय बघतेस?"

"काही नाही."

खाली येऊन तिने पाला ठेचला आणि पिल्लाच्या पायावर थापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थापला. पिल्लू एका पायावर उभं राहून तिच्याकडे बघायचं. तिला त्याच्या नजरेला नजर देववत नसे. शेवटी न राहवून ती देवळात गेली. म्हातारे पायऱ्या झाडत होते.

"आजोबा, बांधलेला दोरा मधेच काढायचा झाला तर?"

"कुणाचा?"

पिल्लाचा म्हणावं तर नवस आला, नवस आला तर ऐतान आला, आणि ऐतानचं नाव दोरा काढण्याच्या गोष्टीत तिला तोंडातून काढायचंच नव्हतं.

"कुणाचा नाही. सहज आपलं."

"मग राहू दे की," म्हातारे म्हणाले आणि पुन्हा झाडायला लागले. "कुणाला काय करतोय तो?"

ती घरी परतली तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ऐतान बसलेला. एकटा उतरला होता. लुळ्या हाताच्या काखेत ते लंगडं पिल्लू दाबून धरलं होतं आणि उजव्या हातात कात्री होती.

"हा काय प्रकार आहे, सेंगच्या आई? पाय सडलाय याचा. आत दोरा आहे."

"हात लावू नकोस!" यूफोंग किंचाळली. "कापू नकोस, पाया पडते तुझ्या. ठेव ती कात्री!"

"अगं, मरेल ते!"

"कापलास तर तू मरशील!"

बोलून गेली आणि तिथेच चिखलात मटकन बसली. मग सगळंच बाहेर आलं. बाक, कॅलेंडर, जोडी, गुंडीतला दोरा. रडत रडत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. ऐतान ऐकत राहिला. आता हा हसणार, असं तिला वाटलं. तो हसला नाही.

"म्हणजे माझा जीव तू इथं बांधलास," तो पिल्लाच्या पायाकडे बघत म्हणाला. "आणि हे ठाऊक असून तीन दिवस याला असं ठेवलंस?"

"मी काय करू? मला भीती वाटते. तू झोपलास की भीती वाटते, जागा असलास की भीती वाटते. मला दुसरं काही येतच नाही आता."

"मलाही वाटते," ऐतान म्हणाला. "पण तुझी एवढी मोठी, की माझी काढायला घरात जागाच नाही."

आणि त्याने कात्रीचं टोक सुजेत घातलं. पिल्लू ओरडलं. यूफोंगने डोळे गच्च मिटले, कानांवर हात घेतले. कट असा बारीक आवाज तरीही आलाच. तिने डोळे उघडले तेव्हा ऐतान बसल्या जागी होता आणि चिमटीत धरून ओला दोरा बाहेर ओढत होता. मग तिच्याकडून दुसरं पिल्लू मागून घेतलं आणि त्याचाही दोरा कापला.

"आता माझा काप."

"नाही."

"काप म्हणतो ना."

"मारून टाक मला, पण ते सांगू नकोस."

त्याने लुळा हात उजव्या हाताने उचलून तोंडाशी नेला आणि मनगटावरचा दोरा दातात धरून हिसडला. जुनाच होता, पटकन तुटला. त्याने तो थुंकून टाकला.

"आता बस बघत माझ्याकडे."

ती बसली. तो दिवसभर बघितलं, दुसऱ्या दिवशीही बघितलं. ऐतान जेवला, शेजाऱ्यांशी भांडला, रात्री घोरला. यूफोंगची भीती काही गेली नाही, पण तिला खाता येईल इतपत ती बाजूला सरकली. "पिल्लू जगलं की संपलं सगळं," ती यूकानला म्हणाली. "पाय अधू राहिला तर राहू दे. जोडी ती जोडी."

पिल्लू जगलं नाही. पंजा वाळून काळा कोळसा झाला. मग त्याने खाणं सोडलं, मुंग्यांच्या अंड्यांकडेसुद्धा बघेना. एका सकाळी उन्हात डालगं उचललं तर दुसरं पिल्लू बाहेर पळालं आणि हे काळीच्या पंखाखाली तसंच राहिलं, ताठ झालेलं.

यूफोंगने त्याला केळीच्या पानात गुंडाळलं, बांबूच्या टोपलीत ठेवलं, वर फडकं टाकलं. रडायला तिला वेळच नव्हता. टोपली घेऊनच ती वर गेली आणि ऐतानच्या समोर बसली. तो चिकट भाताचे गोळे करून तोंडात टाकत होता.

"आज लवकर बसलीस समोर."

"जेव तू."

तो जेवला. ती एकेक घास त्याच्या गळ्यातून उतरताना बघत होती. त्याला ठसका लागला तशी ती अर्धी उठली. तो पाणी प्यायला, ती बसली. आता होईल. या घासाला होईल. तोंड वाकडं होईल, हातातून वाटी पडेल. मेलं ते माझ्या हातून. मीच आवळला होता दोरा, आणि मीच कापला नाही. हे तिच्या मनातलं तिला इतकं मोठ्याने ऐकू येत होतं, की ऐतान काय म्हणाला ते तिला दोनदा विचारावं लागलं.

"म्हटलं, पुरून टाक ते. ऊन आहे, वास सुटेल."

"तुला कधी कळलं?"

"तू टोपली मांडीवर घेऊन जेवायला वाढतेस का रोज?" त्याने बोटं चाटली, हात धुतला. "जोडी बोलली होतीस ना?"

तिने मान हलवली.

"एक आहे अजून. धडधाकट आहे. दुसऱ्यासाठी पुढच्या वर्षी अंडी बसव."

"आणि तोवर?"

"तोवर काय? अर्ध्या नवसावर मला नेतील होय? उरलेलं अर्धं मागणार कुणाकडे?"

त्याने टोपली तिच्या मांडीवरून उचलून घेतली, लुळ्या हाताच्या कोपरात अडकवली आणि जिन्याकडे निघाला. यूफोंग मागोमाग. उजवा पाय धप्पकन, डावा घासत. तिचा हात दोनदा पुढे गेला, दोन्ही वेळा तिने तो मागे घेतला.

फणसाच्या झाडाखाली त्याने टोपली ठेवली आणि कुदळ उचलली. एका हाताने धरून, दांडा बरगडीशी टेकवून तो खणायला लागला. माती ओली होती तरी कुदळ वाकडी पडत होती. दोन घाव घातले की थांबे, दम खाई, घाम पुशी, पुन्हा घाली. चेहरा लालबुंद झालेला. यूफोंग मुठी आवळून उभी होती. पण ती जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने वीतभर खड्डा झाला. ऐतानने कुदळ टेकवून तिच्याकडे बघितलं.

"पुरे?"

यूफोंगने खड्ड्यात वाकून बघितलं.

"अजून खोल कर," ती म्हणाली. "कुत्री उकरतील."